ऑखनारीच्या गोदामाची भिंत

मी ऑखनारी स्टेशनचं मालगोदाम आहे. उंची चार बोटं, लांबी वीतभर. खरं गोदाम साठ फूट लांब होतं, दगडी होतं. रेल्वेमार्ग बंद झाला तेव्हा ते पाडलं. आता तिथं निम्म्या जागेत मोटारी उभ्या असतात आणि निम्म्या जागेत काटेरी जाळी माजली आहे. मी त्याचं पुठ्ठ्याचं रूप. खऱ्या जागेवरचा एक फूट म्हणजे आमच्याकडे चार मिलिमीटर, या मापानं मला बनवलं आहे.

माझ्या बोलण्यात गोडवा कमी वाटेल. माणसांचा मला वीट आला आहे आणि तो का आला, एवढंच सांगायचं आहे.

मला आर्ची टुलॉख नावाच्या म्हाताऱ्या सुतारानं बनवलं. बायको गेल्यावर त्याच्या घरातली एक खोली रिकामी झाली. त्या खोलीत त्यानं फळ्या टाकल्या आणि लहानपणी पाहिलेलं स्टेशन पुन्हा उभं करायला घेतलं. माझ्या छपराची कौलं त्यानं कागदातून एकेक कापली. बावीसशे कौलं. कापताना तो श्वास रोखून धरायचा, कारण एका फुंकरीनं दिवसाचं काम उडून जायचं. सरसाचा वास मला तेव्हाही आवडत नव्हता. पण आर्चीच्या हाताला साबणाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास यायचा, त्यामुळं ते चालायचं.

भिंती उभ्या राहिल्या तेव्हा दारांच्या रंगापाशी तो अडला. मला पिशवीत घालून तो एफी लॅमंटबाईंकडं गेला. एफीबाई ऐंशीच्या. त्यांचे वडील विल्यम लॅमंट त्या स्टेशनवर केबिनमन होते. रुळांलगतच्या काचेच्या केबिनमधून सिग्नल पाडायचा, गाडी सोडायची, हे त्यांचं काम.

"दारं कसली होती, एफीबाई? हिरवी?" आर्चीनं विचारलं.

"हिरवी म्हणायचे. धुरानं काळीच दिसायची." त्यांनी मला हातात घेऊन फिरवलं. "हे तर आमचंच गोदाम आहे रे. इथं मी लपायची."

"तुमच्या आठवणीत गोदामाची जागा कुठं होती? केबिनच्या अलीकडं की पलीकडं?"

बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि चहा ओतला.

"गाव माझ्या बापाबद्दल काय म्हणायचं, ते तुला माहीत असेल."

आर्चीनं मान खाली घातली. गावात वाढलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

सत्तर वर्षांपूर्वी एका थंडीच्या दुपारी डेव्ही रेनी नावाचा दूधवाला कॅनची हातगाडी ओढत रूळ ओलांडत होता. रुळांवर फळ्या टाकून केलेली एक वाट होती, तिथून. विल्यमनं गाडीला सिग्नल दिलेला होता. गाडी आली आणि डेव्ही गेला. चौकशी झाली. विल्यमकडं दोष निघाला नाही. पण गावानं आपला निकाल दिला. केबिनला तीन बाजूंनी काचा आहेत, माणसाला वाट दिसलीच पाहिजे, हा पाठ फिरवून चहा पीत बसला असणार. त्यानंतर चर्चमध्ये विल्यमच्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहायची. तो मरेपर्यंत राहिली.

"बाबा एवढंच म्हणायचे की मी तिकडंच बघत होतो," एफीबाई म्हणाल्या. "आई म्हणायची, मध्ये गोदाम यायचं. आम्हा पोरांना वाटायचं, आई नवऱ्याची बाजू घेते. मलाही वाटायचं. आता केबिन नाही, गोदाम नाही. बघायचं कुठून?"

आर्चीनं मला पुन्हा पिशवीत घातलं.

"तुझं स्टेशन झालं की मला एकदा त्या केबिनच्या खिडकीतून बघू दे. वाट दिसली तर दिसली. मी काही मरत नाही त्यानं. पण मला कळू दे."

त्यानंतरचे दोन रविवार आर्ची त्या काटेरी जाळीत रांगत होता. हातात टेप आणि विळा. दुसऱ्या रविवारी त्याला मूळ गोदामाच्या कोपऱ्याचा दगड सापडला. घरी आला तेव्हा त्याची मनगटं ओरबाडलेली होती आणि चेहरा लहान मुलासारखा झाला होता. त्यानं मोजून मला फळीवर चिकटवलं, मग खाली वाकून पुठ्ठ्याच्या केबिनच्या खिडकीला डोळा लावला. किती तरी वेळ लावून ठेवला. उठला आणि मला म्हणाला, "आपण सांगायचं नाही हं. तिचं तिनं बघू दे."

तो दिवस माझ्या आयुष्यातला चांगला दिवस होता. पुढचं सगळं मला नको वाटतं.

आर्चीच्या खोलीत स्टेशन मावेना, म्हणून छोट्या आगगाड्या बनवून चालवणाऱ्यांच्या त्याच्या क्लबनं ते आपल्या जागेत नेलं. दुकानावरचा दुसरा मजला, अरुंद जिना. नेमकं तेव्हाच एफीबाईंच्या खुब्याचं हाड बदललं. जिना चढणं बंद झालं. आर्ची म्हणाला, थोडं थांबू.

क्लबात अकरा म्हातारे होते. सेक्रेटरी नॉर्मन पिटकेथली. हा खिम्याचे पॅटिस खात खात काम करायचा. चरबीची बोटं पँटला पुसायची आणि त्याच बोटांनी माझं छप्पर दाबून बघायचं. रंगाचा ब्रश तो तोंडात घालून ओला करायचा. माझ्या अंगावर आजही त्याची थुंकी वाळलेली आहे, वरून रंग आहे म्हणून तुम्हाला दिसत नाही. या लोकांची एक तऱ्हा मला कधी कळली नाही. घरी बायको म्हणते खिडक्या पुसा, तर यांची कंबर दुखते. इथं मात्र काजळी, गंज, चिखल बाटलीतून विकत आणतात आणि तासन्‌तास आमच्या अंगाला माखतात. खरं दिसायला हवं, म्हणतात. खरं. हा शब्द त्यांच्या तोंडी शोभत नाही.

जवळच्या पर्थ शहरातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं. दोन दिवस, तिकीट लावून, शेवटी कप. आदल्या आठवड्यात नॉर्मन प्रेक्षकांच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि पॅटिस चावत म्हणाला, "आर्ची, गोदाम हलव."

"का?"

"गाडी त्याच्यामागं जाते आणि दिसतच नाही. ऐन वेगात असते बघ. केबिनच्या पाठीमागं नेऊन ठेव."

"ते इथंच होतं, नॉर्मन. मी मोजलंय."

"असेल. मी कुठं नाही म्हणतो? पण माणूस तिकीट काढून गाडी बघायला येतो, तुझी भिंत बघायला नाही."

"त्या भिंतीचं एक कारण आहे."

"सगळ्यांचं काही तरी कारण असतं. माझ्या आजीचं घरही तिथं होतं, ते कुठं लावलंयस तू?" बाकीचे हसले. एक जण म्हणाला, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, आर्ची. सोमवारी परत लाव."

आर्चीनं कान खाजवला. त्याला वाद जमत नाही. "दोन दिवस," तो म्हणाला आणि त्यानंच, स्वतःच्या हातानं, माझ्याखाली पातं घातलं.

मोकळ्या झालेल्या जागी, त्या फळ्यांच्या वाटेशेजारी, नॉर्मननं एक बाहुली चिकटवली. रुळाकडं तोंड करून मुतणारा माणूस. पोरं हसतात, म्हणाला. जिथं डेव्ही रेनीचे तुकडे गोळा केले होते, तिथं. केबिनच्या मागं उभ्या उभ्या मला शिसारी आली, पण पुठ्ठ्याला ओकता येत नाही.

रविवारी दुपारी एफीबाई आल्या. हॉल तळमजल्यावर आहे, हे त्यांच्या भाचीनं पेपरात वाचलं होतं. आर्चीला कुणी कळवलं नव्हतं. तो मागच्या पडद्याआड गाड्या सोडत होता.

"मला केबिनमधून बघायचंय," बाई नॉर्मनला म्हणाल्या.

"बघा ना आजी. लांबून आलात वाटतं?"

"मी ऑखनारीची."

"मग तर तुमचंच स्टेशन. एक दगड इकडचा तिकडं केलेला नाही आम्ही."

भाची शोनानं त्यांना धरलं. बाईंनी काठी तिच्याकडं दिली, फळीच्या कडेवर हनुवटी टेकली आणि एक डोळा मिटला. हॉलमध्ये चहाचा, ओल्या कोटांचा आणि तळणाचा वास कोंडला होता. माझ्यासमोर त्यांची पांढरी वेणी होती. मी त्यांच्या डोळ्यापुढं असायला हवा होतो आणि मी त्यांच्या कानामागं उभा होतो.

"दिसतं," त्या म्हणाल्या.

"काय दिसतं, आत्या?"

"वाट. सगळी. तो मुतणारा माणूससुद्धा."

"ती माझी आयडिया," नॉर्मन म्हणाला.

पडद्याआड आर्चीनं तो आवाज ओळखला. तो अर्धा बाहेर आला. त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. नॉर्मननं त्याला कोपरानं मागं सारलं. "परीक्षक आलेत. बारा दहाची गाडी सोड. काय बोलायचं ते नंतर बोल." कागद घेतलेले दोन जण खरंच समोर उभे होते. आर्चीनं त्यांच्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं आणि खटका ओढला. गाडी आली. मध्ये काही नव्हतं, त्यामुळं फार छान दिसली. परीक्षकांनी मान हलवली. आर्ची मोकळा झाला तोवर बाई बसमध्ये बसल्या होत्या.

कप मिळाला. सोमवारी मला कुणी हलवलं नाही. मंगळवारीही नाही. एका मासिकात आमचा फोटो येणार होता. नॉर्मन म्हणाला, आता हात लावू नकोस, फोटोत असंच आलंय. म्हणजे आता गोदाम केबिनच्या मागंच होतं, असं ठरलं. गावानं सत्तर वर्षांपूर्वी ठरवलं होतं, तसंच. फक्त या वेळी हसत हसत, बिस्किटं खात. नॉर्मनची मला किळस होती, ती जुनी होती. आर्चीची किळस यायला लागली, तेव्हा मात्र माझं मलाच कसंसं झालं. ज्यानं बावीसशे कौलं श्वास रोखून लावली, तो एक वाक्य बोलायला अकरा दिवस घेत होता.

बाराव्या दिवशी तो क्लबात एकटा आला. त्यानं मला उचकटलं. घाईत माझा एक कोपरा फाटला. केबिनही काढली. दोघांना एका पत्र्याच्या डब्यात घातलं आणि एफीबाईंचं दार वाजवलं.

त्यांनी आत घेतलं, पण बस म्हटलं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक मोकळा खिळा होता आणि त्याच्याखाली चौकोनी फिकट डाग. आर्चीनं तो पाहिला. मग त्यानं टेबल रिकामं केलं, खिशातून मापांचा कागद काढला आणि टेप लावून केबिन ठेवली. तिच्यापासून मोजून मला ठेवलं. फळ्यांच्या वाटेच्या जागी आगकाड्या आणि हातगाडीच्या जागी साखरेचा खडा.

"बघा," तो म्हणाला.

बाई वाकल्या. या वेळी त्यांचा डोळा थेट माझ्यासमोर आला. ओलसर, करडा, हलत नव्हता.

"काय दिसतं, एफीबाई?"

"भिंत."

"साखर?"

"नाही. नुसती भिंत." त्या तशाच वाकून राहिल्या. "थोडं सरकवलं तर?"

"सरकवायचं नाही. दगड मी उकरून काढलाय. इथंच होतं."

बाई उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला. आर्चीनं हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"त्या दिवशी तुला हे माहीत होतं?"

"होतं."

"पडद्यामागं तूच होतास."

"हो."

"मी बाबांना भिंतीवरून काढलं, आर्ची. घरी आल्या आल्या. खणात टाकलं, जुन्या बिलांखाली. ऐंशी वर्षांची बाई मी, आणि मीही बाकावर जागा सोडून बसले."

आर्ची म्हणाला, "मी उद्या क्लबात सगळ्यांना सांगतो. मासिकालाही कळवतो."

"सांग. ते तुझं तू बघ." त्यांनी दार उघडलं. "हे दोन्ही इथं राहू दे. तू जा."

तो गेला. त्यानं कुणाला काही सांगितलं का, मला माहीत नाही. क्लबात माझ्या जागी सरसाचा पिवळा डाग असेल, बस.

बाईंनी खणातून फोटो काढला. खांदे वर जात नाहीत, त्यामुळं खिळ्याला तो लावता येईना. लावून द्यायला आर्ची होता, पण त्याला त्यांनी घालवलं होतं. शोना येईल तेव्हा बघू, म्हणाल्या. शोना दोनदा येऊन गेली, त्यांनी सांगितलं नाही.

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. फाटलेला कोपरा तसाच आहे आणि मला तो दुरुस्त करून नको. इथं लापशी करपते, बाहेर पाऊस असतो, कुणी मला बघायला येत नाही. तुम्ही कधी एखादी जुनी जागा लहान करून मांडायला बसलात, तर गाडी दिसली नाही तरी चालेल, पण भिंत होती तिथंच लावा. तिच्यामागं कुणाचा बाप उभा असतो, तुम्हाला ठाऊक नसतं.

तो आता माझ्याकडं आहे. टोपी घातलेला, मिशीवाला, चौकटीतला विल्यम लॅमंट. त्याची पाठ माझ्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. मी पुठ्ठ्याचा आहे, पण एवढं वजन मला पेलतं.