गाडीत झोपू द्यायचं नाही

माझं कपडे धुण्याचं दुकान आहे. लोकांच्या डागांवरच माझं पोट चालतं, त्यामुळे मला किळस येत नाही असा दादाचा समज आहे. दुकानात डाग वाळलेले येतात. इथे गाडीत ते माझ्या शेजारी बसून ओले तयार होत होते.

चिकटोबा म्हणजे माझा भाचा, दादाचा मुलगा. वय दोन वर्षं एक महिना. बिस्किट तोंडात गेलं, त्याचा लगदा बाहेर आला, तो त्यानं तळहातावर घेऊन नीट तपासला आणि माझ्या बाहीला पुसला. केळं त्यानं बोटांतून पिळून काढलं. केळ्याचा डाग दुसऱ्या दिवशी काळा पडतो आणि मग हात टेकायची पाळी येते. नाकाबद्दल तर बोलायलाच नको. तो हात माझ्या गळ्याशी आला की मी रुमालानं पुसून परत त्याच्या मांडीवर ठेवत होते.

पण त्याला झोपू द्यायचं नव्हतं. अकरा वाजता त्याच्या कानांची तपासणी होती. ती मूल गाढ झोपेत असतानाच करतात, म्हणून त्याला पहाटे चारला उठवलं होतं. गाडीत डुलकी लागली तर तिथे डोळा लागणार नाही, आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी, असं तिथल्या बाईंनी दोनदा बजावलं होतं. अजून एकही शब्द न बोललेल्या पोरासाठी दोन महिने फार होते. वहिनीला टेकला की तो लगेच झोपतो, म्हणून वहिनी पुढे आणि बळीचा बकरा मागे.

वहिनीनं दिलेली पिशवी उघडली. खुळखुळा, चिंचिं करणारं बदक, भोंगा. ज्याला ऐकू येतं की नाही याचीच शंका, त्याच्यासाठी या शहाण्यांनी वेचून वेचून आवाजाची खेळणी भरली होती. वर दादानं गाणी लावली होती, तीही कान किटतील एवढ्या मोठ्यानं. चिकटोबाच्या पापण्या मिटायला लागल्या.

"ताई, झोपतोय तो. काहीतरी करा ना," वहिनी रडवेली होऊन म्हणाली.

"दादा, आधी ती गाणी बंद कर. डोकं उठलंय माझं."

मला गाणी येत नाहीत. मी त्याच्याकडे वाकून पाढे सुरू केले, इस्त्री फिरवताना म्हणते तसे, चालीत. बे एके बे. त्यानं डोळे उघडले आणि तो बरबटलेला हात थेट माझ्या गळ्यावर थापला. कोमट, बुळबुळीत. एक ओघळ कॉलरच्या आत गेला. शी. मी त्याचा हात झटकला, तर त्यानं भोकाड पसरलं. हात परत गळ्यावर आला आणि तो हसला. मी श्वास घ्यायला थांबले, तर गळ्यावर चापट्या मारायला लागला.

"हसतोय ना तो?" दादानं विचारलं. "पाढ्यांना? बघ, ऐकतोय. मी तुला म्हणत नव्हतो?"

वहिनीनं डोळे पुसले.

मी चिकटोबाचा हात काढून मुठीत धरला, मान खिडकीकडे वळवली आणि तिनाचा पाढा घसा फोडून म्हटला. तो दुसऱ्या हातानं सीटच्या पट्ट्याशी खेळत राहिला. मग त्याचा हात परत माझ्या गळ्यावर ठेवला आणि तोच पाढा हलक्या आवाजात म्हटला. तळव्याखाली माझा गळा थरथरला आणि तो खिदळला.

मला माझीच शिसारी आली. हे पोर कधीपासून जो बोलेल त्याच्या गळ्याशी हात नेत होतं, आणि मी दर वेळी तो रुमालानं पुसून बाजूला ठेवत होते.

दादा शीळ घालत गाडी चालवत होता. त्याला सांगायला माझी जीभ रेटेना. तपासणीला अजून वीस मिनिटं होती आणि पोराला जागं ठेवायचं होतं. मी पाढे म्हणत राहिले. एकोणतीसचा मला कधीच आला नाही. वाटेल ते आकडे ठोकून दिले.

"चुकतेयस गं," दादा पुढून हसला. "माझा पोरगा ऐकून ऐकून चुकीचं शिकेल."

मी तो चिकट हात दोन्ही हातांनी गळ्यावर घट्ट धरला आणि चुकीचा पाढा तसाच पुढे म्हणत राहिले.