विहीणबाईंच्या परसातला नमुना

काही माणसं गावात गुणांमुळे ओळखली जातात, काही अवगुणांमुळे. हे गृहस्थ ओळखले जात ते त्यांच्या पिशव्यांमुळे. अणुवीज केंद्राच्या पर्यावरण प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली होती, आणि त्या नोकरीचं सार एवढंच, की केंद्राच्या आसपास जे जे उगवतं, वाहतं, पोहतं किंवा दूध देतं, त्यातलं थोडं थोडं पिशवीत घालून आणायचं. नदीचं पाणी, वळणावरचा गाळ, दगडावरचं शेवाळ, मासे, गवत, माती, दूध, पालेभाजी. आणलेलं वाळवायचं, भट्टीत जाळून राख करायची आणि ती राख शिशाच्या जाड भिंतींच्या पेटीत ठेवून तिच्यातून किती किरण निघतात ते मोजायचं. आमच्या ह्यांच्या हातची एकही भाजी न जळता राहिलेली नाही, असं त्यांची बायको चारचौघांत सांगे. गाव त्यांना नमुनेकाका म्हणायचं. ते कशाकशाला उद्देशून म्हणतात हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं, आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

वर्षातून एकदा नगरभवनात जाहीर सभा भरे. तिथे काका चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वर्षभराचे आकडे वाचत. गाळ अमुक, मासा तमुक, दूध अमुक, सगळं मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी. आगगाडीचं वेळापत्रक वाचतानाही माणसाच्या आवाजात याहून जास्त भावना असते. लोक टाळ्या वाजवत आणि घरी जात. टाळ्या वाजल्या म्हणजे लोकांचा विश्वास बसला, असं काका धरून चालत. शिकलेली माणसं कधी कधी फार भोळी असतात.

आकड्यांमध्ये लोक कान देऊन ऐकत तो एकच, केंद्राच्या कुंपणाला सगळ्यात जवळच्या घराच्या परसातल्या पालकाचा. त्या घरच्या बाई एकटीने मुलाला वाढवलेल्या, जिभेला तिखट आणि मनाने मऊ. काका महिन्याच्या महिन्याला सुरी घेऊन येत, वाफ्यात उकिडवे बसत आणि स्वतःच्या हाताने पालक कापत. बाई खिडकीतून ओरडत, "हवा तेवढा न्या, जाताना गोगलगायीही न्या." त्या पालकाची पानं म्हणजे नुसती चाळण. पण काकांना देखणा पालक नको होता, खरा हवा होता. असं सगळं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं.

मग काकांच्या मुलीने बाईंच्या मुलाशी लग्न केलं आणि सगळा घोटाळा झाला.

कालपर्यंतच्या बाई रातोरात विहीणबाई झाल्या, आणि काका व्याही. आता व्याह्यांनी चिखलात बसून भाजी कापायची म्हणजे काय? लोक तोंडात शेण घालतील. लग्नानंतर काका पहिल्यांदा पिशवी घेऊन आले, तेव्हा विहीणबाईंनी त्यांना बैठकीच्या खोलीत कोचावर बसवलं, पाठीशी उशी दिली, चहा दिला, आणि आतून तबकात घालून पालकाची जुडी आणली. धुतलेली, पुसलेली, रबर लावून बांधलेली. नमुना घेणाऱ्याने स्वतःच कापावा, असा प्रयोगशाळेचा स्पष्ट नियम होता. पण तो नियम लिहिणाऱ्याला बहुधा मुलगी नसावी. काकांनी जुडी निमूटपणे पिशवीत घातली, आणि मग दर महिन्याला घालत राहिले.

सभा तोंडावर आली तेव्हा ते आकडे जुळवायला बसले. केंद्रातून येऊ शकतील अशा सगळ्या गोष्टींचे आकडे नेहमीसारखेच नगण्य होते. खटकलं ते पोटॅशियम. प्रत्येक भाजीत ते मुळातच असतं, त्याचे थोडे किरणही निघतात, आणि ते किती असणार हे पुष्कळसं मातीवर ठरतं. विहीणबाईंच्या परसातला तो आकडा इतकी वर्षं जवळपास जागचा हलला नव्हता. लग्नापासून मात्र एका महिन्यात वर, पुढच्या महिन्यात खाली, त्यापुढे भलतीकडेच. बाग एका जागी असते, ही गावोगाव हिंडत होती. काकांनी टेबलावरची ताजी जुडी उचलून उजेडात धरली. एका पानाला भोक नव्हतं. रबराखाली भाजीबाजारातल्या गाळ्याच्या चिठ्ठीचा तुकडा अडकला होता, आणि तो गाळा त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता, कारण तिथूनच त्यांच्याही घरी भाजी येत असे.

काकांनी कपाळाला हात लावला. गप्प बसलं तर आकडा स्वच्छ होता, केंद्रही खूश, गावही खूश. फक्त तो कुठल्या शेताचा हे देवाला ठाऊक. आणि सभेत खरं सांगायचं, तर विहीणबाईंची चारचौघांत शोभा होणार. त्यानंतर त्यांच्याच स्वयंपाकघरात काकांच्या मुलीला दिवस काढायचे होते, आणि तेही साधेसुधे नव्हेत, कारण तिला पाचवा महिना लागला होता. इतकी वर्षं जपलेला आकडा की मुलीचं सुख, हा हिशेब शिशाच्या कुठल्याही पेटीत होण्यासारखा नव्हता.

शेवटी ते न कळवता विहीणबाईंकडे गेले. पुन्हा कोच, पुन्हा उशी, पुन्हा चहा.

"परवाचा पालक फार छान होता," काका म्हणाले.

"आवडला ना?"

"मी खात नाही हो, जाळतो."

"तेच ते."

"एका पानाला भोक नव्हतं."

"निवडून दिला होता."

"कुठून निवडून?"

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "बाजारातून," त्या म्हणाल्या. "आता काय बोलायचं ते बोला."

काकांनी वाटेत भाषण तयार केलं होतं. मानपान आपल्या जागी आणि शास्त्र आपल्या जागी, व्याह्यांना वेडीवाकडी भाजी द्यायला लाजायचं कारण नाही, वगैरे. ते सुरू करताच विहीणबाईंनी हात वर केला.

"मानपान गेला खड्ड्यात. मला भीती वाटली."

"कसली?"

"तुमच्या पेटीची. उद्या तिच्यात आमच्या परसातलं काही निघालं, तर तुम्ही पोरीला इथे ठेवाल? कुठलाही बाप घेऊन जाईल. ती आल्यापासून या घरात मला बोलायला माणूस मिळालंय." त्यांचा आवाज जरा ओला झाला, म्हणून त्या रागावल्या. "आणि तिला मी परसातलं पानसुद्धा घालत नाही, समजलं? तिला सगळं बाजारचं. परसातलं मी एकटी खाते. हाताने लावलेलं टाकवत नाही, आणि माझं आता काय व्हायचं राहिलंय?"

"अहो, पण मी दर वर्षी सभेत आकडे वाचतो. तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवता."

"तुम्ही इतकं मन लावून वाचता. नाही वाजवल्या तर वाईट वाटेल, म्हणून वाजवते."

नोकरीत काकांना बक्षिसं मिळाली होती, एकदा बोलणीही बसली होती, पण इतकं वर्मी काही लागलं नव्हतं. ते काही बोलणार एवढ्यात मागच्या दाराने त्यांची मुलगी आत आली. पाय मातीने भरलेले, आणि तोंडात अर्धं गाजर, हिरव्या शेंड्यासकट.

विहीणबाई उभ्या राहिल्या. "हे कुठलं?"

"परसातलं," मुलगी चावता चावता म्हणाली.

"म्हणजे माझी गाजरं तू खातेस? मी शेजारणीच्या सशावर आळ घेतला. तिच्याशी बोलणं टाकलंय मी."

"सशाचा काही दोष नाही, आई. रोज दुपारी तुम्ही झोपलात की मीच जाते. गाजरं, मुळे, कोवळा पालक. बाजारच्या भाजीला चव कुठे असते?"

"अगं, पण कुंपणाच्या एवढं जवळ. तुला भीती नाही वाटली?"

"कशाची भीती?" मुलीने खरंच नवल करत विचारलं. "बाबांनी मोजलेली बाग आहे ती."

खरं तर बापाची छाती फुगायची ती हीच वेळ. पण काका कोचावरून उठले. लग्नापासून या परसातलं एकही पान त्यांनी मोजलं नव्हतं. नदी स्वच्छ होती, गवत स्वच्छ होतं, पलीकडच्या गोठ्यातलं दूध स्वच्छ होतं, परसात वेगळं काही असायचं कारण नव्हतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. दुसऱ्या कुणाचा बाप असता, तर त्यांनी हेच सगळं त्याला शांतपणे समजावून सांगितलं असतं. या बापाला मात्र समजावणारं कुणी नव्हतं. चांगल्या विजारीसकट ते वाफ्यात गुडघ्यांवर बसले आणि पालक, गाजर, मुळा, माती, हाताला लागेल ते पिशव्यांत भरू लागले. लोक काय म्हणतील, हे विहीणबाईंना त्या दिवशी सुचलं नाही.

प्रयोगशाळेत भाजी तिच्या गतीने वाळली, तिच्या गतीने जळली. मग राख पेटीत गेली आणि मोजणी सुरू झाली. तिला वेळ लागतो, धीर धरा, असं काकांनी आजवर शेकडो लोकांना सांगितलं होतं. आता ते स्वतः पेटीभोवती येरझाऱ्या घालत होते. डबा न उघडताच त्यांनी परत नेला, म्हणून बायकोने तब्येत विचारली. भट्टी सांभाळणारी बाई म्हणाली, "काका, प्रदक्षिणा घालून आकडा लवकर येत नाही." तिला हसू येत होतं, पण त्यांच्याकडे नीट पाहिल्यावर तिने स्टूल पुढे सरकवलं.

आकडा आला. जुन्या वर्षांसारखाच, नगण्य. पोटॅशियमसुद्धा आपल्या जागेवर येऊन बसलं होतं. काकांनी दशांश चिन्हावर बोट ठेवून पाहिलं, पेटी रिकामी करून तपासली, राख पुन्हा ठेवली आणि पुन्हा मोजलं. तोच आकडा. मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. त्यांना फार बरं वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. सभेतल्या त्या खुर्च्यांवर बसून आपले आकडे कसे ऐकू येत असतील, हे त्यांच्या आजवर मनातही आलं नव्हतं.

सभेच्या दिवशी नगरभवन भरलं होतं. केंद्राचे प्रमुख पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी विहीणबाई, त्यांच्या शेजारी मुलगी. काकांनी गाळ वाचला, मासा वाचला, दूध वाचलं. पालकापाशी येऊन ते थांबले.

"कुंपणालगतच्या परसातले लग्नापा... म्हणजे गेल्या कित्येक महिन्यांतले नमुने मी रद्द केले आहेत," ते म्हणाले. "ते मी स्वतः कापले नव्हते. चूक माझी आहे. आकडे स्वच्छ होते, पण त्या बागेचे नव्हते."

प्रमुखांनी घसा खाकरला. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"नंतर मी स्वतः नमुना घेतला. त्या मधल्या काळात माझी मुलगी त्याच बागेतलं रोज खात होती. तिला दिवस गेले आहेत. हे कळल्यावर मी घाबरलो. मला सगळं माहीत असूनही घाबरलो. आकडा हातात येईपर्यंत मला घास गेला नाही. आकडा नेहमीसारखाच आहे, मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी. मी तो दोनदा मोजला."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायच्या की नाहीत, हेच कुणाला कळेना. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. प्रमुख जमिनीकडे पाहत होते. काकांना वाटलं, संपलं, नोकरीची अब्रूही गेली आणि पोरीचं घरही.

मग विहीणबाई उठल्या. त्यांनी पदर सारखा केला.

"बाग माझी," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "यांना बाजारचा पालक मी दिला. हवं ते म्हणा." त्या काकांकडे वळल्या. "व्याही, एक विचारते. इतकी वर्षं मोजताय. आधी कधी भीती वाटली होती?"

काका नेहमीप्रमाणे कागदात बघायला गेले, पण तिथे याचं उत्तर नव्हतं.

"सुरुवातीला दर वेळी वाटायची," ते म्हणाले. "म्हणून तर मोजायला लागलो. मग आकड्यांची सवय झाली आणि सांगायचं राहून गेलं."



"एवढं पहिल्याच वर्षी सांगितलं असतं," विहीणबाई म्हणाल्या, "तर मी केव्हाच विश्वास ठेवला असता." आणि खाली बसून त्यांनी सुनेचा हात हातात घेतला.