भिंगावरची हळद

मी एक भिंग बोलतोय. जुन्या कॅमेऱ्याचं, काळ्या कड्यात बसवलेलं. माझ्यातून आत जाणारं सगळं उलटं पडतं. त्यामुळे समोर सरळ दिसणाऱ्यावर माझा लवकर विश्वास बसत नाही. स्वभाव आहे. आता या वयात कुठं बदलू.

जन्म म्हणे परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मला आठवतं ते अकोल्याचं दुकान, आणि तिथून मला घेऊन गेलेले मेडशीचे हिरालाल. त्यांनी माझ्यातून लग्नं काढली, बारशी काढली, शाळेच्या फॉर्मांचे फोटो काढले. माणसं माझ्यासमोर आली की गळ्याचं बटण लावत, श्वास धरून बसत. आत्ताच बायकोवर खेकसलेला माणूसही माझ्यापुढं गरीब चेहरा करी. मग संशय येणार नाही तर काय.

फॉर्मच्या फोटोला मागं पांढरं लागतं. हिरालालची बायको जिजाबाई चादर ताणून मागं उभी राही. वीस वर्षं मला तिची नुसती बोटं दिसली, चादरीच्या काठावरची. चेहरा कायम आड.

मग हिरालाल गेले. जिजाबाईनं कॅमेरा देवाशेजारच्या फळीवर ठेवला. दसऱ्याला घरातली हत्यारं पुजतात. विळा, खुरपं, दीर इंद्रभानचा भाजीवर फवारायचा पंप, आणि त्यांच्या रांगेत मी. स्वतःच्या कपाळाचं कुंकू तिनं पुसलं होतं, पण माझ्या काचेवर दरसाल ओल्या बोटानं हळद-कुंकू लावी. अगदी मधोमध. असे अकरा दसरे झाले. आधी जग पिवळं झालं, मग लाल, मग दिसेनासंच झालं.

या उन्हाळ्यात वाशीमहून वैभवी नावाची पोरगी आली. जुने कॅमेरे जमवते, जुनी भिंगं नव्या कॅमेऱ्याला लावून फोटो काढते. तिच्या आईबापाच्या लग्नाच्या फोटोमागं हिरालालचा शिक्का होता, तो वाचत ती मेडशीला उतरली. एवढं गोड कारण मला पटलं नाही. इंद्रभानलाही नाही.

"वहिनी, एवढ्या उन्हात कोनी जुन्या डब्ब्यासाठी येते काय? याच्यात काही असन."

"काही नाही हो काका. डबा राहू द्या, मला नुसतं भिंग पाहिजे," म्हणत तिनं मला फिरवून काढलंसुद्धा. आता गेलो, असं मला वाटलं.

"डोया काढून नेतं काय व त्यायचा?" जिजाबाई म्हणाली.

वैभवीनं मागून बॅटरी मारली. उजेड माझ्यातून पलीकडे गेलाच नाही. "आजी, हे तर आंधळं झालंय. काचेवर काय आहे?"

"हळद-कुंकू होय. दर दसऱ्याले लावतो मी."

"म्हंजे तुमीच आंधळा केला त्याले," इंद्रभान बोलून गेला.

जिजाबाई मटकन खाली बसली. नवऱ्याचा डोळा आपल्याच हातानं गेला, हे तिच्या तोंडावर होतं म्हणे. मला कुठं दिसत होतं? ऐकू मात्र आलं.

वैभवीनं एक मऊ फडकं आणि कसलंसं पाणी पुढं केलं. "तुम्हीच पुसा. हलक्या हातानं."

जिजाबाईनं पुसलं. काठाशी थोडा पिवळा डाग राहिला, तो निघेना. वैभवीनं मधे एक जोडायची गोल कडी लावून मला तिच्या नव्या कॅमेऱ्यावर बसवलं आणि म्हणाली, दिसतंय का बघू. जिजाबाई सवयीनं उठली, खाटेवरची चादर घेतली आणि इंद्रभानच्या मागं धरून उभी राहिली.

"आजी, तुम्ही समोर या."

"मी काहून? मी मांगंच राह्यतो."

"बसा ना वहिनी," इंद्रभान म्हणाला आणि तिच्या हातातून चादर घेतली.

तेव्हा मी तिला पहिल्यांदा धड पाहिलं. ओळखलं ते मांडीवरच्या बोटांवरून.

"दरसाल दसऱ्याले त्याले घरी आनजो," एवढंच बोलून तिनं मला वैभवीच्या हाती दिलं.

वैभवी आणेल, याची मला खात्री नव्हती. तिच्या कपाटात माझ्यासारखी पंधरा-वीस भिंगं आहेत. त्यातली दोन श्रावणात निघून गेली, कुठं ते कोणी सांगितलं नाही. काल तिनं मला कापडात गुंडाळलं, तेव्हा आता माझी पाळी, असंच धरून चाललो. एसटीत धक्के खात होतो. मग कंडक्टरची हाक आली, मेडशी, मेडशी.

जिजाबाईनं दसऱ्याच्या हळद-कुंकवाचं बोट माझ्यापुढं आणलं. काचेपाशी थांबवलं. मग कडेला सरकवून काळ्या कड्यावर टेकवलं.

"आता दिसते ना व त्यायले?" तिनं वैभवीला विचारलं.

बाबांनो, तुमच्या फळीवर असं एखादं भिंग असेल तर पुजा, जरूर पुजा. फक्त काच तेवढी उघडी ठेवा.

फोटो काढायचं काल कोणी काही बोललं नव्हतं. तरी जिजाबाई माझ्यासमोर पदर सारखा करून बसली, आणि मला पुन्हा संशय आला, हे आधीच ठरलेलं असावं. तिच्या मागं पांढरी चादर ताणलेली होती, आणि काठावर इंद्रभानची बोटं.