दसऱ्यापुरती फियाट

मी एक जुनी फियाट गाडी आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. म्हाताऱ्या गाडीनं गोड बोलावं, जुन्या आठवणी सांगाव्यात, अशी तुमची अपेक्षा असेल. ती आज पुरी व्हायची नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मी खरी गाडी झाले ती नाचणगावच्या रस्त्यावर. बापूजींनी मला आणलं तेव्हा माझा रंग सायीसारखा होता. बापूजी शेतकरी माणूस, शौक मोठा, पण नजर कमजोर. म्हणून गाडी चालवायला शिकली त्यांची बायको, मनकर्णाबाई. पदर खोचून ती स्टिअरिंगवर बसली की पारावरची माणसं हातातली विडी विझेपर्यंत बघत राहायची. आणि काय तिची टापटीप! आधी तेलपाणी बघणार, मगच किल्ली फिरवणार. गावातल्या कितीतरी अडलेल्या बाळंतिणी तिनं माझ्यातून पुलगावच्या दवाखान्यात पोचवल्या. त्या पोरांची आता लग्नं झाली. एकालाही माझी विचारपूस करावीशी वाटली नाही, ते सोडा.

मग बापूजी गेले. तेरवी झाली आणि त्यांच्या मुलानं, अंकुशनं, माझी किल्ली देवघरात नेऊन ठेवली. "बाबाची आठवण आहे, आता कोणी हात नाई लावाचा," म्हणाला. मनकर्णाबाई तिथंच दारात उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. मला तर कोण विचारणार!

तेव्हापासून मी गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये. वर्षभर कुणी ढुंकून पाहत नसे, आणि दसरा आला की सगळ्यांना माझा उमाळा यायचा. बादल्या भरभरून पाणी माझ्या अंगावर ओतायचे. बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, वरून नारळाचं पाणी. हात जोडायचे, फोटो काढायचे आणि ओलीच्या ओली कोंडून निघून जायचे! अहो, ते पाणी दारांतून आत झिरपायचं, पायाखालच्या पत्र्यावर साचायचं. एकदाही कुणी फडकं फिरवलं नाही की किल्ली फिरवली नाही. भक्तीनं गंजले मी, मित्रांनो! एका वर्षी कापसाला भाव नव्हता, तर माझ्या मागच्या सीटवर कापूस कोंबला. त्यात उंदरांनी संसार मांडले आणि माझ्या वायरी कुरतडल्या. दसऱ्याला त्या उंदरांसकट माझी आरती झाली.

यंदा अंकुशच्या मुलीचं, सुरभीचं, लग्न ठरलं. अंकुशच्या डोक्यात आलं, मांडवाच्या गेटवर मला सजवून उभी करायची. वर्ध्याहून रंगारी आणला. त्यानं गंजावर लांबीची पुट्टी भरली आणि वरून लालभडक रंग फासला. इंजिन उघडायचं नावच नाही. पाहुण्यांनी माझ्याजवळ उभं राहून फोटो काढावेत, एवढीच माझी लायकी!

तेव्हा सुरभी म्हणाली, "आजी, मले याच गाडीतून सासरी सोडून दे. तूच चालवजो."

मनकर्णाबाईचा चेहरा काय उजळला! पण अंकुश हसला. "आई, आता या वयात गाडी चालवशीन का तू? तू आपली खुर्चीत बस, सगळे तुह्या पाया पडतीन. तुले काय कमी आहे?"

म्हातारी उठली. शेडमध्ये आली, माझ्यात बसली आणि ब्रेकवर पाय दाबला. पाय थेट तळाला गेला. दुसऱ्या पायाखालचा पत्रा करकरला. "अस्सं," एवढंच म्हणाली, पण तो आवाज मी ओळखते. दुसऱ्या दिवशी तिनं देवघरातली किल्ली घेतली, टेम्पो बोलावला आणि मला नालवाडीला ताराचंद मिस्त्रीकडे नेलं.

ताराचंदनं पायाखालची चटई उचलून पेचकस टोचला. तो आरपार गेला. "काकू, रंग पाहून बसले असते तं पाय रस्त्यावर आले असते!"

"मंग काप," ती म्हणाली. "रंग गेला तं जाऊ दे."

कापलं मला. सडका पत्रा काढून नवा जोडला. जाम इंजिनात तेल सोडून मुरू दिलं, मग ते हातानं हळूहळू फिरवलं. टाकीत पेट्रोलचा डिंक झाला होता, तो खरवडला. वायरी, टायर, सगळे ब्रेक नवे. मनकर्णाबाई रोज एस.टी.नं येऊन समोर स्टुलावर बसायची. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि चालू झालं, तेव्हा ती रडली. मीही रडले असते, पण मला आधी भांडायचं होतं. पुढं माझं पासिंगही झालं. आणि तिचं लायसन्स? ते तिनं इतक्या वर्षांत कधी बंद पडू दिलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी ती मला अंगणातून बाहेर काढायला लागली, तर अंकुश फाटकात आडवा. एका हातात बादली, दुसऱ्या हातात हार. "आधी पूजा. अन् लग्नात गाडी चालवाचीच असन तं मी ड्रायव्हर बोलावतो. तू उतर, आई."

"सरक."

"नाई सरकत. लागन कोणाले, मंग गाव काय म्हणन?"

तिनं गिअर टाकला. मी हळू, पण सरळ त्याच्या अंगावर निघाले. खरं सांगू? मला थांबायचं नव्हतं. त्याच्या हातातली बादली पडली, पाणी सगळीकडे झालं. आणि मनकर्णाबाईनं ब्रेक दाबला. मी जागच्या जागी उभी राहिले. त्याचे गुडघे आणि माझा बंपर यांच्यात वीतभर जागा उरली होती.

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पाह्यलं? ब्रेक लागते. हे तू इतक्या वर्षांत एकदा तरी पाहाले पाह्यजे होतं. आता सरक."

तो सरकला. सुरभी पळत आली, दार उघडून आजीशेजारी बसली आणि आम्ही पुलगावच्या रस्त्याला लागलो.

मित्रांनो, हात जोडणं फार सोपं असतं. जरा हात काळे करा. तेल बघा, पाणी पुसा, अधूनमधून फिरवून आणा. आणि तुमच्या घरात कुणाला मान देऊन खुर्चीत बसवून ठेवलं असेल, तर तिच्या पाया पडण्याआधी तिला विचारा, तिला कुठं जायचं आहे.