बूदेला नाही म्हणायची तालीम

वेनिंगच्या मोबाइलमधला टॉवर तिच्यावर बेहद्द खूश होता. वैमानिकांना रेडिओवर बोलायचा सराव देणारं ते अ‍ॅप. कानाला हेडफोन लावायचे, एक कोरडा पुरुषी आवाज सूचना देणार, ती आपण जशीच्या तशी परत म्हणायची. चुकलं तर लाल, बरोबर तर हिरवं. वेनिंगचं सगळं हिरवंगार. परसात कपडे वाळत घालतानासुद्धा तिची बडबड चालू असे, आणि शेजारणी तिच्या आईला विचारत, पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना. डोकं चांगलं ठिकाणावर होतं. रेडिओवर आपल्यासारखं बोलणारं आमच्या अख्ख्या बन्युवांगी शहरात कुणी नाही, असं ती विमानशाळेतल्या पोरांना तोंडावर ऐकवायची.

आणि खऱ्या विमानात बसल्यावर हीच बया सपशेल तोंडावर आपटली.

झालं असं की विमानतळावरच्या खऱ्या टॉवरमधून विमानांना सूचना देणारा आवाज होता बूदे हेस्तूचा. बूदे म्हणजे वेनिंगच्या आईची थोरली बहीण. तिच्या शब्दाबाहेर घरात पान हलत नसे. बूदे काही बोलली की मान खाली घालून "इंग्गिह" म्हणायचं, म्हणजे होय जी, हे आमच्याकडच्या लेकरांना दुधाबरोबरच पाजतात. आधी इंग्गिह म्हणायचं, मग ऐकायचं, समजलं तर समजलं. त्या दिवशी शेजारी तिला उडायला शिकवणारे कॅप्टन दर्माजी बसलेले, विमान वेनिंगच्या हातात, आणि बूदेनं रेडिओवरून लांबलचक सूचना दिली: कुठं वळायचं, किती उंचीवर राहायचं, पुढच्या कुठल्या विमानावर नजर ठेवायची. वेनिंगनं बटण दाबलं आणि म्हणाली, "इंग्गिह, बूदे."

हवेत असलेल्या झाडून सगळ्या विमानांनी ते ऐकलं. खाली उतरेपर्यंत शाळेत तिचं नाव इंग्गिह पडलं होतं.

कॅप्टन दर्माजी मात्र हसले नाहीत. बूदेनं काय सांगितलं ते सांग बघू, एवढंच त्यांनी विचारलं, आणि वेनिंगला त्यातलं एक अक्षर आठवेना.

"ऐकलं नाहीस, नुसती मान डोलावलीस," ते म्हणाले. "उद्या तिनं चुकून डोंगरावर जायला सांगितलं तरी तू इंग्गिहच म्हणणार. अशा पोरीला मी एकटीला वर सोडू?"

तिच्या तुकडीतले सगळे एव्हाना एकट्यानं उडून आले होते, ही तेवढी राहिली होती. शनिवारपर्यंत माझी खात्री पटली नाही तर तुला पुढच्या तुकडीबरोबर परत वर्गात बसवणार, असं कॅप्टननी सांगून टाकलं. वेनिंगला रडू आलं नाही, संताप आला. घरी येऊन तिनं अ‍ॅप उघडलं. सगळं हिरवं. तिनं फोन खाटेवर फेकला. गोम कुठं आहे ते तिला तेव्हाच कळलं: फोनला कुणी इंग्गिह म्हणत नाही.

पण ती हातपाय गाळून बसणाऱ्यातली नव्हे. तिन्हीसांजेला फोन घेऊन तडक बूदेच्या स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, यातल्या सूचना त्या बुवाऐवजी तू वाच, आणि मधूनच एखादी अशी घाल की पाळली तर मी मरेन. ती ओळखून मी नकार द्यायचा. रेडिओवर नकाराला एकच शब्द, अनेबल. म्हणजे जमणार नाही. वेनिंगची आई तिथंच बसली होती. तिच्या हातातला चमचा खाली पडला. बूदेला नाही म्हणणार? कार्टीला काही लाज? बूदेनं चष्म्यावरून भाचीकडं पाहिलं आणि फोन आण इकडं म्हणाली.

एका हातानं मिरच्या वाटत बूदे सूचना वाचायला लागली. एक नीट, दुसरी नीट, तिसरीत तिनं वेनिंगला थेट ज्वालामुखीच्या पोटात वळायला सांगितलं. वेनिंगच्या तोंडून आपसूक निघालं, इंग्गिह.

"मेलीस," बूदे शांतपणे म्हणाली आणि पुढची मिरची घेतली.

जेवणं होईस्तोवर वेनिंग किती वेळा मेली त्याला गणती नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कुठं तिच्या घशातून बारीकसा "अनेबल" बाहेर पडला, आणि लगेच तिनं हात जोडून माफी मागितली. हे हात जोडणं तुझ्या अ‍ॅपात आहे का, असं बूदेनं विचारलं. मग वरवंटा बाजूला ठेवून ती बोलली, आणि असं ती सहसा बोलत नसे.

"दिवसभर मला सगळे होच म्हणतात गं. आपलीच पोरं, म्हातारीचा आवाज ऐकला की मान डोलावतात. मला टॉवरच्या काचेतून दिसतं तेवढंच दिसतं. वरून जे दिसतं ते तुम्ही नाही सांगितलं तर मला कोण सांगणार? नाहीची भीती नाही वाटत मला. होची वाटते."

वेनिंगला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी ती एकदाही मेली नाही.

शनिवारी सकाळी कॅप्टन दर्माजींनी तिच्याबरोबर एक फेरी मारली, काही न बोलता खाली उतरले, दार लावलं आणि हातातला रेडिओ घेऊन गवतात उभे राहिले. एकटं उडायचं ते असंच, आधी कुणी सांगत नाही. वेनिंगला आनंदानं ओरडावंसं वाटलं, पण तिनं बूदेची परवानगी मागितली, सूचना शब्दन् शब्द परत म्हटली आणि उडाली. बाजूची खुर्ची रिकामी, विमान हलकं, उजवीकडं समुद्र. ती चक्क गुणगुणत होती.

धावपट्टीला समांतर जात असताना बूदेचा आवाज आला. मागून प्रवाशांचं मोठं विमान येतंय, तेव्हा लांब न जाता आत्ताच डावीकडं वळ. वेनिंगनं डावीकडं पाहिलं. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांवर, नारळांच्या वर, दाराएवढा पतंग तरंगत होता. कोरड्या दिवसांत आमच्याकडच्या बाप्यांना पतंगापुढं काही सुचत नाही, विमानतळ असो की काही असो. वळलं असतं तर त्याची दोरी थेट पंख्यात. सकाळच्या उन्हाच्या झगझगाटात टॉवरमधून तो दिसतच नव्हता.

तिच्या तोंडात इंग्गिह आलं होतं, अगदी जिभेवर. तिनं ते गिळलं.

"अनेबल. वळायच्या वाटेवर मोठा पतंग आहे. सरळ पुढं जाते."

खाली कॅप्टननी रेडिओ कानाशी आणखी घट्ट धरला. मग बूदेनं मोठ्या विमानाला समुद्रावर एक चक्कर मारून यायला सांगितलं, आणि वेनिंगला म्हणाली, "समजलं. सरळ जा." आवाज नेहमीसारखाच, कोरडा.

चाकं टेकली तेव्हा पोरं बादल्या घेऊन तयारच होती. पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याला गार पाण्यानं न्हाऊ घालतात, तसं तिला घातलं. पहिली बादली कॅप्टननी ओतली. इंग्गिह म्हणून हाक मारायला मात्र कुणी धजलं नाही.

संध्याकाळी बूदेनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. वेनिंगनं वाकून तिचा हात कपाळाला लावला. बूदेनं तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथंच ठेवला, आणि तिचे डोळे भरून आले. मिरची झोंबली, असं ती म्हणाली. त्या दिवशी मिरची वाटलेलीच नव्हती.

मग तिनं वेनिंगच्या ताटात भात वाढला, वर आणखी वाढला आणि तिसऱ्यांदा डाव उचलला. वेनिंगनं ताटावर आडवा हात धरला आणि ऐटीत म्हणाली, "अनेबल, बूदे."

"ते वर," बूदे म्हणाली आणि तिचा हात बाजूला सारून भात वाढला. "इथं मला सगळं दिसतं."

"इंग्गिह," वेनिंग म्हणाली, आणि जेवायला लागली.