नळीत उतरलेला रोग

गल्लीच्या तोंडाशी सकाळपासून कुत्र्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक कुत्र्यामागे एक माणूस बाटली घेऊन उभा होता. बाटलीत काय, ते वासावरूनच कळत होतं.

“पुढे या! लाजताय काय? मूत तुमचं नाही, कुत्र्याचं आहे!” श्वानबाबा गरजले. गर्दी खिदळली.

एका आजोबांच्या म्हाताऱ्या कुत्रीचं मूत बाबांनी काचेच्या नळीत ओतलं, नळी दिव्यावर धरली, काहीबाही पुटपुटले आणि वरून ‘अमृता’चे थेंब सोडले. पिवळ्या पाण्यात पांढरा ढग उतरला.

“बघा! रोग बाहेर पडला! औषधं फेका, नाहीतर परत आत शिरेल!”

ज्यांच्या नळीत ढग येत नसे, त्यांना बाबा सांगत, “रोग हट्टी आहे. पुढच्या आठवड्यात या.” म्हणजे रोग निघाला तरी बाबांचा फायदा, नाही निघाला तर जास्तच.

बाबांच्या पायाशी बटण बसलेला असे. बरा झालेला पहिला कुत्रा. तो गल्लीतल्या शिंपीणबाईंचा, आणि बाबा म्हणजे त्यांचा धाकटा दीर. पूर्वी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होता. नोकरी गेल्यावर वहिनीनेच त्याला घरात ठेवून घेतलं, ताटात वाढलं. बटणच्या नळीत ढग उतरला तेव्हा बाई आनंदाने रडल्या होत्या आणि डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी मशीनच्या खणात टाकल्या होत्या.

पण बटण काही अंग धरेना. डोळ्यांभोवतीचे केस गेले, बरगड्या दिसू लागल्या, नखं वाढून शिलाईच्या दोऱ्यांत अडकू लागली.

“रोग गेल्यावर अंग आधी सुकतंच, वहिनी,” दीर म्हणाला.

एका सकाळी बटणने बाईंच्या हातचंही खाल्लं नाही. बाईंनी त्याला उचललं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी बटणचं मूत नळीत घेतलं, नळी तापवली, व्हिनेगरचे थेंब टाकले. तोच ढग!

“म्हणजे उरलेला रोगही निघाला ना?”

“निघालं ते प्रथिन, बाई. वाळूमाशीच्या चाव्यातून परजीवी अंगात शिरलेत. मूत्रपिंडाची चाळण त्यामुळे सैल होते आणि अंगातलं प्रथिन मुतातून गळतं. तापवलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठतं. मूत्रपिंडाचा बिघाड याच्या रक्तात अजून दिसत नाहीये. ही गळती त्याच्या आधी दिसते, म्हणून तर ती तपासायची. ढग दिसला की औषध नेटाने द्यायचं, सोडायचं नाही.” मग नळी खाली ठेवत म्हणाल्या, “तुमच्या दिराला हे चांगलं ठाऊक आहे. इथे नळी तोच धरायचा.”

बाबांच्या पुढच्या बैठकीला शिंपीणबाई बाटली घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

“वहिनी, तुम्ही कशाला रांगेत?”

“नियम सगळ्यांना सारखा, भावजी. शेजारच्या कुत्रीचं आहे.”

नळी तापली, थेंब पडले, आणि ढग कसला, चक्क गोळाच जमला. “अबब! दहा कुत्र्यांचा रोग एकदम उतरला!” बाबा ओरडले.

“दहा कुत्र्यांचा नाही, एका कोंबडीचा.” बाईंनी पिशवीतून अंड्याची टरफलं काढून टेबलावर ठेवली. “पांढरं पाण्यात फेटलं, मलमलीतून गाळलं, वर थोडा खायचा पिवळा रंग. बरी झाली का कोंबडी?”

गर्दी हसत सुटली. आजोबा तेवढे हसले नाहीत. “मग मी औषधं फेकली, त्याचं काय?”

“आजच दवाखान्यात न्या, आजोबा.” मग बाई दिराकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “बटणच्या वेळीही ठाऊक होतं तुम्हाला?”

तो दिव्याची वात सारखी करू लागला. “लोकांना पहिला बरा झालेला कुत्रा दाखवावा लागतो, वहिनी. बटण घरचा होता.”

बाईंनी फुंकर मारून दिवा विझवला आणि बटणला उचलून घेतलं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गळती कमी झाली आहे. ती पुरती थांबेल, असं वचन डॉक्टरीणबाई देत नाहीत, आणि म्हणूनच शिंपीणबाईंचा त्यांच्यावर विश्वास आहे.

तुम्हालाही कुणी नळीत रोग उतरवून दाखवला, तर हात जोडायची घाई करू नका. एवढंच म्हणा: आता हेच अंड्यावर करून दाखवा.