क्रँकवरच्या रेघा

इंजिन तापलं तसा ऑइल प्रेशरचा काटा खाली सरकत गेला आणि तळाशी जाऊन बसला. बलभीम मिस्त्रीनं गाडी बंद केली. शेजारी डॉक्टर महालिंगप्पा उभे होते.

एकोणपन्नास सालच्या त्यांच्या मॉरिसचं इंजिन बलभीमनंच महिन्यापूर्वी उघडून नव्यानं बांधलं होतं. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळी कामांवरच्या आजारी मजुरांना डॉक्टर याच गाडीतून कळंबच्या दवाखान्यात आणत. चार दिवसांपूर्वी तेरखेड्याहून एका अडलेल्या बाईला आणताना काटा असाच पडला आणि इंजिन आतून ठोके मारायला लागलं. बाईला पुढं बैलगाडीतून आणावं लागलं. बाई वाचली, मूल गेलं.

बलभीमनं आधी दुसरा काटा लावून पाहिला, तोही पडला. ऑइल ताजं होतं. प्रेशर धरणारी स्प्रिंग ठीक होती. मग तो गाडीखाली शिरला आणि इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरचा बोल्ट सोडला. कढत काळं ऑइल त्याच्या बोटांवरून ओघळलं. वाकून बघणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःचाच हात मागं ओढला. बलभीमचा हात तिथंच होता.

डॉक्टर त्या बोटांकडं बघत राहिले. चेंबर उतरलं, पंपही चांगला निघाला. शेवटी बेअरिंग काढून बलभीमनं क्रँक, इंजिनचा फिरता दांडा, पुसला आणि चरे पडून ऑइल निसटतंय का, हे बघायला त्यावर अंगठा फिरवला.

"गुळगुळीत हाय, डॉक्टरसाब."

डॉक्टरांनी आत हात घालून नख फिरवलं. ते खरखरत गेलं. "रेघा आहेत, बलभीम. खोल आहेत."

त्यानं पुन्हा अंगठा फिरवला, मग एकेक बोट. मग पडल्या पडल्याच मान उचलून क्रँकला ओठ लावला. ओठाला रेघा लागल्या.

डॉक्टरांनी त्याला लिंबाखाली बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि बोटांना कापूस लावला की बोलायचं, असं बजावलं. बलभीम वाट बघत राहिला. डोळे उघडले तेव्हा डॉक्टरांचा कापूस सात वेळा लावून झाला होता. त्यांनी कुष्ठरोग असल्याचं सांगितलं, गोळ्या चालू केल्या की वाढणार नाही, हेही सांगितलं.

"इंजिन बांधलं तवाबी हात असंच व्हते?"

"असावेत."

"मंजी त्ये लेकरू..."

मूल आधीच गेलेलं असेल, असं डॉक्टर म्हणाले. बलभीमनं मान वर केली नाही.

क्रँक सोलापूरला घासायला गेला. तो परत आल्यावर बलभीमनं बायकोला, कस्तुराबाईला, शेजारी बसवलं. प्रत्येक भागावरून तिची बोटं फिरवून घेतली. ती "खरखर न्हाय" म्हणाली की मगच तो पाना लावायचा. या वेळी इंजिन तापलं तरी काटा जागचा हलला नाही.

पंधरा दिवसांत गावाला गोळ्यांचं कळलं. एका सकाळी तो गुंडप्पाच्या हॉटेलात बाकावर बसला. छप्पन साली बौद्ध झाल्यापासून तो त्याच बाकावर बसत आला होता. त्याआधी त्याच्या बापाचा कप बाहेर, वळचणीला असायचा. गुंडप्पानं नजर न देता चहा आणून ठेवला. बाकीच्यांचे कप पांढरे होते. एकट्या बलभीमचा कप निळा, कान तुटलेला होता.

बलभीमनं कपाकडं पाहिलं. मग भरलेला कप तसाच ठेवून, टोपी नीट करून, तो उठला आणि रस्त्याच्या मधोमध चालत गॅरेजकडं गेला.